एक फोल्डर, एक खाते : घरच्या नेटवर्कवर फाइल शेअर करताना घ्यायची काळजी

नाशिकमधील अनेक घरांत आता एकाहून अधिक संगणक असतात. हॉलमधल्या डेस्कटॉपवर वडिलांच्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्याची ड्रॉइंग्ज असतात, आईकडे सोसायटीचे हिशेब असतात आणि मुलीच्या लॅपटॉपला यांपैकी काहीतरी रोज लागते. पेन ड्राइव्हची ने-आण थांबवण्यासाठी कोणीतरी डेस्कटॉपवरील एक फोल्डर नेटवर्कवर शेअर करायला घेते. लॅपटॉप पासवर्ड मागतो, कोणताच पासवर्ड चालत नाही, आणि मग ओळखीतला एखादा जाणकार येऊन तीन गोष्टी करून जातो. तो पासवर्डची अट काढतो, फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा) बंद करतो आणि फोल्डरवर 'एव्हरीवन'ला, म्हणजे सर्वांना, 'फुल कंट्रोल', म्हणजे काहीही करण्याची परवानगी, देतो. फाइल लगेच उघडते, म्हणून सगळे खूश होतात. ती व्यवस्था मात्र पुढे अनेक वर्षे तशीच राहते. घरगुती संगणक उघडे पडतात ते बहुतेक वेळा अशा घाईच्या दुरुस्तीमुळे, कोणा हुशार हॅकरची त्यासाठी गरज लागत नाही. या तिन्ही उपायांऐवजी योग्य उपाय उपलब्ध आहेत आणि त्यांना फारसा जास्त वेळही लागत नाही. ते क्रमाने कसे करावेत, हे येथे नवख्या वाचकासाठी लिहिले आहे. वर्णन विंडोज 11 धरून केले असून बटणांची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात तीच देवनागरीत दिली आहेत.

नेटवर्क आपले आहे का, ते आधी पाहावे

फोल्डर शेअर करणे म्हणजे त्याच नेटवर्कवरील इतर यंत्रांना आपल्या संगणकाचे दार ठोठावू देणे होय. म्हणून त्या नेटवर्कवर कोण कोण आहे, हा पहिला प्रश्न. काही इमारतींत स्थानिक केबल इंटरनेटवाल्याची वायर राउटरशिवाय थेट संगणकात खोचलेली असते. अशा जोडणीत शेजारच्या चार घरांचे संगणकही आपल्याच नेटवर्कवर असू शकतात. फाइल एक्सप्लोररच्या 'नेटवर्क' विभागात अनोळखी नावे दिसली, तर हाच प्रकार समजावा आणि शेअरिंगचा विचार करण्याआधी स्वतःचा राउटर मध्ये बसवून घ्यावा. हॉस्टेल किंवा पीजीच्या सामायिक वायफायवर तर फोल्डर शेअर करूच नये.

राउटर असेल, तर त्याचे दोन पासवर्ड असतात हे लक्षात घ्यावे. एक वायफायला जोडण्याचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरण्याचा. पहिला पासवर्ड म्हणून घरातील मोबाइल नंबर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, आणि तो नंबर सोसायटीतील प्रत्येकाकडे असतो. दुसरा पासवर्ड बसवणाऱ्याने जो ठेवला तोच बहुधा आजही असतो, कारण तो बदलायचा असतो हेच अनेकांना ठाऊक नसते. दोन्ही बदलावेत. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 असल्याची खात्री करावी आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय, बंद करावी. डब्ल्यूपीएसचा पिन आठ अंकी असला, तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे सगळ्या शक्यता जेमतेम 11,000 होतात, हा दोष 2011 मध्येच उघड झाला होता.

उघड्या वायफायचे परिणाम फाइलींपुरते थांबत नाहीत. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचले होते, आणि त्या घरातील वायफाय असुरक्षित असल्याचे निष्पन्न झाले.

पाहुण्यांसाठी राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' सुरू करावे. ते वेगळे असल्याने त्यावरील फोनला सहसा घरच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. 2027 च्या सिंहस्थात ज्यांच्या घरी नातेवाईक आणि नातेवाइकांचे नातेवाईक उतरणार आहेत, त्यांनी ही सोय आधीच करून ठेवलेली बरी. ऐन गर्दीत वायफायचा पासवर्ड नाकारणे कोणालाच जमत नाही.

संगणक अद्ययावत असावा

फाइल शेअरिंगसाठी विंडोज एसएमबी नावाची पद्धत वापरते. तिच्या सर्वांत जुन्या आवृत्तीत, म्हणजे एसएमबी 1 मध्ये, एक गंभीर दोष होता. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी त्यावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली, आणि 12 मे 2017 रोजी त्याच दोषाचा फायदा घेत 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा, प्रोग्रॅम सुमारे दीडशे देशांत पसरला. मधले जवळजवळ दोन महिने ज्यांनी अपडेट पुढे ढकलले, त्यांना त्याचा फटका बसला. पुढच्याच महिन्यात, 27 जून रोजी, तोच दोष वापरणाऱ्या 'नॉटपेट्या'ने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. नाशिकची निर्यातीची द्राक्षे ज्या बंदरातून जहाजावर चढतात, तेच हे बंदर. एवढ्या मोठ्या यंत्रणेची ही गत झाली, म्हणून 'आपल्या संगणकात चोरण्यासारखे आहेच काय' या युक्तिवादाला फारसा अर्थ उरत नाही. असे प्रोग्रॅम माणूस निवडून हल्ला करत नाहीत, नेटवर्कवर जे उघडे सापडेल त्यात शिरतात.

म्हणून 'विंडोज अपडेट' चालू ठेवावे. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. जुनाच संगणक वापरणे भाग असेल, तर त्यावरून काही शेअर करू नये. त्याने दुसऱ्याच्या फोल्डरमधून वाचावे, एवढेच काम त्याला द्यावे.

त्यानंतर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून 'एसएमबी 1.0' या नोंदीपुढे खूण नाही ना, ते पाहावे. नव्या विंडोजमध्ये ती मुळात नसते. परंतु जुने झेरॉक्स मशीन स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकू शकत नाही, किंवा जुना टीव्ही फोल्डर ओळखत नाही, म्हणून ती कोणीतरी मुद्दाम सुरू केलेली असते. अशा मशीनला पेन ड्राइव्ह लावून काम भागवावे. एका मशीनसाठी अख्ख्या घरात एसएमबी 1 जिवंत ठेवणे परवडणारे नाही.

पासवर्ड का चालत नाही, याचे कारण

बहुतेक जण ज्या जागी अडतात ती ही, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. नेटवर्कवरून फोल्डर उघडताना जे नाव आणि जो पासवर्ड मागितला जातो, तो फाइली ज्या संगणकावर आहेत त्या संगणकावरील खात्याचा असतो. लॅपटॉपचा नव्हे आणि वायफायचाही नव्हे. येथे तीन अडचणी येतात. डेस्कटॉपवरील खात्याला पासवर्डच नसेल, तर अशा खात्याने नेटवर्कवरून आत येण्यास विंडोज मुळातच मनाई करते, कारण बिनपासवर्डाचे खाते केवळ त्या संगणकासमोर बसून वापरता येते. दुसरे असे, की रोज चार अंकी पिन टाकून संगणक उघडणाऱ्याला तो पिन येथेही चालेल असे वाटते. पण पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. आणि तिसरे, खाते मायक्रोसॉफ्टच्या ईमेलवर काढलेले असेल, तर त्या ईमेलचा पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो, जो बहुतेकांना आठवत नसतो. या तिन्हींपैकी काहीही झाले, की माणूस वैतागून 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करतो. त्या क्षणी 'गेस्ट'ला, म्हणजे बिनपासवर्डाच्या पाहुण्याला, प्रवेश मिळतो आणि 'एव्हरीवन' या शब्दात नेटवर्कवरील खरोखरच सगळे येतात.

यावरचा उपाय साधा आहे. शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक खाते काढावे. 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स' आणि तेथे 'अदर यूझर्स' उघडून 'ॲड अकाउंट' दाबावे. ईमेल विचारला गेल्यावर साइन-इनची माहिती आपल्याकडे नाही हा पर्याय निवडावा आणि नंतर 'ॲड अ यूझर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हा. नाव साधे ठेवावे, समजा 'घर', आणि पासवर्ड बारा-पंधरा अक्षरांचा, कुटुंबाला आठवेल पण शेजाऱ्याला सुचणार नाही असा द्यावा. हे खाते 'स्टँडर्ड'च राहू द्यावे. ॲडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे संगणकात सर्व बदल करू शकणाऱ्या, खात्याचा पासवर्ड घरभर वाटला, तर एका फोल्डरसाठी अख्खा संगणक हाती दिल्यासारखे होते. जुन्या नाशकातील वाड्यांच्या मोठ्या दरवाजाला एक दिंडी असते आणि रोजचे येणे-जाणे तिच्यातूनच होते. हे वेगळे खाते तसेच आहे.

फोल्डर कोठे करावा आणि कोणाला काय द्यावे

'डॉक्युमेंट्स' किंवा 'डेस्कटॉप'वरील फोल्डर शेअर करू नये. त्यावर उजवे क्लिक करून 'गिव्ह ॲक्सेस टू' वापरले, तर विंडोज बहुधा त्या एका फोल्डरऐवजी 'यूझर्स' हा वरचा संपूर्ण फोल्डरच नेटवर्कवर मांडते आणि आतले कोणाला दिसावे हे केवळ आतील परवानग्यांवर सोडते. डी ड्राइव्ह असेल तर तेथे, नसेल तर थेट सी ड्राइव्हवर, 'देवघेव' असा नवा फोल्डर करावा आणि जे द्यायचे तेवढेच त्यात ठेवावे. आधार कार्डाचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, पासवर्ड लिहिलेली एक्सेल शीट यांना त्यात जागा नाही.

आता फोल्डरवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज', तेथून 'शेअरिंग' आणि मग 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग' उघडावे. 'शेअर धिस फोल्डर'वर खूण करून 'परमिशन्स' दाबले, की 'एव्हरीवन' हे नाव आधीच बसलेले दिसते. ते निवडून 'रिमूव्ह' करावे. मग 'ॲड' दाबून 'घर' हे नाव लिहावे, 'चेक नेम्स'ने ते ओळखले जाते का ते पाहावे आणि खाली 'रीड' या एकाच रकान्यात खूण ठेवावी. 'सिक्युरिटी' या दुसऱ्या टॅबमधील परवानग्या वेगळ्या असतात; दोन्हींपैकी जी अधिक कडक ती लागू होते. ड्राइव्हच्या मुळाशी नव्याने केलेल्या फोल्डरवर संगणकातील खात्यांना बहुधा पुरेशी परवानगी आधीच असते, त्यामुळे तेथे काही बदलण्याची गरज सहसा पडत नाही आणि नवख्याने बदलूही नये.

'रीड' एवढ्यावरच का थांबावे, याची दोन कारणे आहेत. पहिले घरगुती आहे. नेटवर्कवरून एखाद्याने फाइल पुसली, तर ती डेस्कटॉपच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ नाहीशी होते. धाकट्याने जागा मोकळी करण्याच्या उत्साहात केलेली साफसफाई परत आणता येत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. खंडणीखोर प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरला, तर लॅपटॉपला जेथे जेथे लिहिण्याची परवानगी आहे तेथील फाइलींनाही तो कुलूप लावतो, मग त्या दुसऱ्या संगणकावर का असेनात. फक्त वाचण्याची परवानगी असेल, तर डेस्कटॉपवरील ड्रॉइंग्ज बचावतात.

मुलीला फाइल डेस्कटॉपवर टाकायची असेल, तर 'आवक' असा दुसरा वेगळा फोल्डर करून फक्त त्यावर 'चेंज', म्हणजे लिहिण्या-पुसण्याची परवानगी, द्यावी आणि त्यातल्या फाइली आठवड्याला उचलून जागच्या जागी लावाव्यात. 'फुल कंट्रोल' घरात कोणालाही लागत नाही.

जोडणी आणि फायरवॉल

'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये आपल्या जोडणीचे 'प्रॉपर्टीज' उघडल्यास 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन प्रकार दिसतात. डेस्कटॉपवर, आणि केवळ घरच्या नेटवर्कसाठी, 'प्रायव्हेट' निवडावे. कॉलेज रोडवरील कॅफे, ग्रंथालय, रेल्वे स्टेशन अशा प्रत्येक ठिकाणी लॅपटॉपवर 'पब्लिक'च असावे, कारण त्या स्थितीत फाइल शेअरिंगची दारे फायरवॉल स्वतःहून बंद ठेवते. यानंतर 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधील 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' फक्त 'प्रायव्हेट'खाली चालू करावे, 'पब्लिक'खाली बंद ठेवावे, आणि 'ऑल नेटवर्क्स'खालील 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू असल्याची खात्री करावी. एवढे केल्यावर फायरवॉल बंद करण्याचे काहीही कारण उरत नाही. ती बंद केल्याशिवाय चालत नाही असे कोणी सांगितले, तर नेटवर्क चुकून 'पब्लिक' राहिले आहे का, ते प्रथम पाहावे. बहुधा तेच निघते.

लॅपटॉपवर एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना जोडून डेस्कटॉपचे नाव लिहावे. नाव 'सिस्टिम'मधील 'अबाउट' येथे सापडते. नाव-पासवर्डाची चौकट आल्यावर नुसते 'घर' न लिहिता आधी डेस्कटॉपचे नाव, मग एक उलटी तिरकी रेघ आणि मग 'घर' असे लिहावे, म्हणजे हे खाते कोणत्या यंत्रावरचे याबद्दल विंडोजचा गोंधळ होत नाही. डेस्कटॉप झोपी गेला असेल, तर अर्थातच काही उघडणार नाही. पासवर्ड लक्षात ठेवण्याची खूण घरातील लॅपटॉपवर करायला हरकत नाही. मात्र तो लॅपटॉप हरवला किंवा विकला, तर डेस्कटॉपवरील 'घर' खात्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

मॅकवर हीच सोय 'जनरल'मधील 'शेअरिंग' येथे असते आणि तत्त्वही हेच राहते.

घराबाहेरून फाइल हवी असेल तेव्हा

राउटरवर 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून 445 किंवा 3389 ही दारे, म्हणजे पोर्ट, इंटरनेटसाठी उघडू नयेत. पहिले फाइल शेअरिंगचे आणि दुसरे रिमोट डेस्कटॉपचे. दोन्ही शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. बाहेरून लागणारी फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवून दोन टप्प्यांच्या पडताळणीसह उघडावी, हे घरगुती वापरासाठी पुरेसे आहे.

येथे सीसीटीव्हीचा उल्लेख आवश्यक आहे. निफाड-पिंपळगावच्या शेतावरील घर असो की गंगापूर रोडवरचा बंगला, कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून बसवणारा अनेकदा राउटरवर एखादे पोर्ट उघडून जातो आणि डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवतो. 2016 मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रॅमने असेच मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. डीव्हीआर घरच्या नेटवर्कमध्येच असल्याने तो फुटला, की चोर आपल्या फोल्डरच्या अगदी शेजारी येऊन बसतो. त्याचा पासवर्ड बदलून घ्यावा, आणि राउटरवरील 'यूपीएनपी', म्हणजे घरातील यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, बंद केल्यावरही कॅमेरे मोबाइलवर दिसत असतील, तर ती सोय बंदच राहू द्यावी.

फोनवरील ॲप आणि फुकटची सॉफ्टवेअर्स

फोनवरून फाइल पाठवण्यासाठी विंडोज आणि अँड्रॉइडवर चालणारे गूगलचे 'क्विक शेअर' वापरावे आणि आपल्याला फाइल पाठवण्याची परवानगी सर्वांना न देता आपल्या यंत्रांपुरती ठेवावी. शेअरइट, झेंडर आणि ईएस फाइल एक्सप्लोरर ही एके काळची लोकप्रिय ॲप्स 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲप्सच्या यादीत होती. यांपैकी ईएस फाइल एक्सप्लोरर फोनवर एक दार उघडे ठेवून त्याच वायफायवरील कोणालाही फाइली वाचू देत असल्याचे 2019 मध्ये दिसून आले होते. इकडून तिकडून मिळालेल्या प्रतींवरून ती पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल एवढेच म्हणता येईल, की 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी ज्याची पहिली सूचना असते, ते बसवू नये.

प्रत, तपासणी आणि आणीबाणी

महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी आणि प्रत काढून झाली, की डिस्क उपसून कपाटात ठेवावी. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅमच्या दृष्टीने संगणकाचाच भाग असते. प्रतीतून एखादी फाइल खरोखर उघडते का, हेही अधूनमधून पाहावे.

नेटवर्कवर आपण नेमके काय मांडले आहे, ते 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मधील 'शेअर्ड फोल्डर्स' येथे 'शेअर्स'खाली दिसते. शेवटी डॉलरचे चिन्ह असलेली सी, डी, ॲडमिन आणि आयपीसी अशी नावे विंडोजची स्वतःची असतात, त्यांना हात लावू नये. त्यांखेरीज 'देवघेव' आणि 'आवक' सोडून दुसरे काही दिसले, विशेषतः 'यूझर्स' किंवा डॉलरच्या चिन्हाशिवाय मांडलेला अख्खा डी ड्राइव्ह, तर त्यावर उजवे क्लिक करून 'स्टॉप शेअरिंग' करावे. फोल्डर त्यामुळे पुसला जात नाही, फक्त नेटवर्कवरून दिसेनासा होतो. शेजारच्याच 'सेशन्स'मध्ये या क्षणी कोण जोडलेले आहे तेही कळते. दुरुस्तीवाला येऊन गेल्यावर ही दोन पाने एकदा उघडून पाहावीत.

फाइलींची नावे अचानक बदलली, त्या उघडेनाशा झाल्या किंवा पैसे मागणारी सूचना पडद्यावर आली, तर प्रथम नेटवर्कची वायर काढावी आणि वायफाय बंद करावे, म्हणजे बाधा दुसऱ्या संगणकापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. कपाटातील हार्ड डिस्क त्या वेळी घाबरून जोडू नये. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि खंडणी भरू नये, कारण पैसे दिल्यावर फाइली परत मिळतीलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शहरातील सायबर पोलीस ठाण्यात करता येते. बँकेतून पैसे गेले असतील, तर पोर्टलवर फॉर्म भरत बसण्याआधी 1930 या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येणे हे त्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असते.